एडिटर एक सांगतो, बिल्ड दुसरेच करते : ही सांगड नीट कशी घालावी?

गिरणाकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. कोड एडिटर आणि बिल्डची (म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवण्याची) साधने एकमेकांना जोडताना जो त्रास होतो, त्यावर मराठीत सविस्तर चर्चा माझ्या वाचनात आली नाही, म्हणून हा धागा काढत आहे. तक्रार कोणत्याही एका एडिटरविषयी नाही. टर्मिनलमध्ये बिल्ड विनातक्रार पूर्ण होते आणि त्याच वेळी एडिटरमध्ये त्याच फाईलवर लाल नागमोडी रेघांचे जाळे पसरलेले असते. किंवा एडिटर अगदी शांत असतो आणि बिल्ड पहिल्याच फाईलला कोसळते. हा अनुभव इथल्या बहुतेकांनी घेतलेला असेल.

मी ठिबक सिंचनाच्या पंपांना लागणाऱ्या कंट्रोलरचे फर्मवेअर (चिपमध्ये बसणारा प्रोग्राम) लिहितो. केळीच्या मृगबागेची लागवड जून-जुलैमध्ये होते, त्याआधी कंट्रोलर शेतात बसलेला असावा लागतो, त्यामुळे एप्रिल आणि मे हे आमचे सर्वांत धावपळीचे महिने असतात. अशा दिवसांत कोडमधली चूक कोणती आणि एडिटरचा गैरसमज कोणता, हे वेगळे करण्यात वेळ गेला की मनापासून चीड येते, कारण तो वेळ ज्या कामाचा होता ते काम शेतकऱ्याचे असते.

माझ्या मते या त्रासाचे मूळ असे आहे की प्रकल्पाविषयीची माहिती दोन ठिकाणी राहते. कोणता कंपायलर (कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) वापरायचा, हेडर फाईली (कोडला लागणाऱ्या घोषणांच्या फाईली) कुठे आहेत, कोणते मॅक्रो (कोडमधली बदली नावे) आधीच ठरवून दिलेले आहेत, हे सगळे मेकफाईलला, म्हणजे मेक या बिल्डच्या साधनाच्या सूचनांच्या फाईलला, ठाऊक असते. तीच माहिती एडिटरच्या एक्स्टेन्शनला (वरून जोडलेल्या पुरवणीला) हवी असते, आणि ती आपण त्याच्या स्वतंत्र जेसन फाईलमध्ये (साध्या मजकुरातल्या सेटिंगच्या फाईलमध्ये) हाताने पुन्हा लिहून देतो. पहिल्या दिवशी दोन्ही याद्या जुळतात. पुढे कोणीतरी मेकफाईलमध्ये एक नवे फोल्डर जोडतो, एडिटरच्या यादीत जोडायचे राहते, आणि तिथून दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

आमच्याकडे तर कंपायलरही दोन असतात. लॅपटॉपवर लिनक्स आणि त्याचा जीसीसी हा कंपायलर, तर फर्मवेअरसाठी एआरएमचा क्रॉस-कंपायलर, म्हणजे लॅपटॉपवर चालून एआरएम चिपसाठी प्रोग्राम बनवणारा. एडिटरला वेगळे सांगितले नाही, तर तो लॅपटॉपचाच कंपायलर गृहीत धरतो. याचा परिणाम किती बारीक असू शकतो ते पाहा. एआरएमच्या त्या कंपायलरमध्ये ३२ बिटांचा चिन्हविरहित पूर्णांक हा 'अनसाइन्ड लाँग' असतो, आणि लॅपटॉपच्या ६४ बिटी लिनक्सवर तोच 'अनसाइन्ड इंट' असतो. त्यामुळे प्रिंटएफ या छापण्याच्या फंक्शनमध्ये 'अनसाइन्ड लाँग'साठीची '%एलयू' ही खूण लिहिली की खरा कंपायलर समाधानी असतो आणि एडिटरमधला क्लँगडी (एडिटरसाठी कोड तपासणारा प्रोग्राम) इशारा देतो. नवखा अभियंता त्या इशाऱ्यावर विश्वास ठेवून 'अनसाइन्ड इंट'साठीची '%यू' करतो, एडिटर गप्प होतो, आणि बिल्डमध्ये इशारा उमटतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. फक्त ते वेगवेगळ्या यंत्रांविषयी बोलत असतात.

दुसरी डोकेदुखी पाथची, म्हणजे प्रोग्राम कोणकोणत्या फोल्डरमध्ये शोधायचे त्या यादीची. टूलचेनचा (कंपायलर आणि त्याच्या सोबतच्या साधनांचा) पत्ता बॅशआरसी या टर्मिनलच्या सेटिंगच्या फाईलमध्ये लिहिलेला असतो, त्यामुळे टर्मिनलमधून उघडलेल्या एडिटरला तो मिळतो. पण डेस्कटॉपच्या चिन्हावरून उघडलेल्या एडिटरला तो मिळेलच असे नाही. व्हीएस कोड हा एडिटर यासाठी सुरू होताना मागे एक शेल (टर्मिनलमध्ये आज्ञा चालवणारा प्रोग्राम) चालवून त्याच्याकडून एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे पाथसारख्या सेटिंग, विचारून घेतो, परंतु शेल सुरू व्हायलाच दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, तर तो नाद सोडून देतो. विंडोजवर पाथ बदलला, तर आधीपासून चालू असलेल्या एडिटरला त्याची खबरच नसते. एडिटरच्या सगळ्या खिडक्या बंद करून तो नव्याने उघडावा लागतो, आणि "कंपायलर सापडत नाही" एवढ्या संदेशावरून हे कोणालाही सुचणे कठीण आहे.

यावर मला पटलेला मार्ग एकच : प्रकल्प आधी टर्मिनलमध्ये एका आज्ञेत पूर्ण बिल्ड झाला पाहिजे, आणि एडिटरने स्वतःची वेगळी माहिती न ठेवता त्या बिल्डकडूनच माहिती घेतली पाहिजे. सी आणि सी++ साठी 'कंपाइल कमांड्स' नावाची जेसन फाईल हे काम करते. प्रत्येक फाईल नेमक्या कोणत्या आज्ञेने कंपाइल होते, त्याची ती नोंदवही असते. सीमेक (दुसऱ्या बिल्ड साधनांसाठी फाईली तयार करून देणारे साधन) वापरणाऱ्यांना ती एक पर्याय चालू केला की मिळते, पण केवळ मेकफाईल किंवा निंजा जनरेटर, म्हणजे त्या साधनासाठीच्या फाईलींचा प्रकार, निवडला असेल तरच. व्हिज्युअल स्टुडिओचा जनरेटर निवडणारे लोक ती फाईल शोधत राहतात आणि ती तयारच झालेली नसते. नुसती मेकफाईल असलेल्यांसाठी बेअर हे साधन आहे. ते मेक चालू असताना कंपायलरच्या हाका टिपून ठेवते. इथे एक काळजी घ्यावी लागते : बेअर जे प्रत्यक्ष चालले तेच टिपते, त्यामुळे आधी 'मेक क्लीन' करून जुने बिल्ड पुसले नाही, तर नोंदवहीत केवळ नुकत्याच बदललेल्या फाईली येतात आणि उरलेल्या प्रकल्पावर लाल रेघा तशाच राहतात. क्रॉस-कंपायलर असेल, तर क्लँगडीला 'क्वेरी ड्रायव्हर' या पर्यायातून त्या कंपायलरचा पत्ताही द्यावा, म्हणजे तो त्याच्याकडूनच सिस्टिम हेडरच्या जागा विचारून घेतो.

इतके करूनही काही प्रश्न उरतात. आपापले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती. केवळ "अमुक एडिटर वापरा" असा सल्ला मात्र टाळावा.

---

भुसावळकर

धागा काढल्याबद्दल आभार. मी घरून जावाचे आणि अँड्रॉइडचे काम करतो. आमच्याकडे हेडर फाईलींचा प्रश्न नाही, पण दोन ठिकाणी माहिती राहण्याचा प्रश्न जसाच्या तसा आहे, फक्त त्याचे नाव जेडीके (जावाचा कंपायलर आणि साधनांचा संच) आहे.

टर्मिनलमध्ये ग्रेडल (जावाचे बिल्डचे साधन) चालवले, तर ते जावा होम या व्हेरिएबलमधला जेडीके उचलते. अँड्रॉइड स्टुडिओ स्वतःबरोबर आलेला जेडीके वापरतो. व्हीएस कोडच्या जावा एक्स्टेन्शनमध्ये तर भाषेचा सर्व्हर (एडिटरसाठी कोड तपासणारा प्रोग्राम) चालवण्यासाठीचा जेडीके आणि प्रकल्प कंपाइल करण्यासाठीचा जेडीके यांच्या सेटिंगच वेगवेगळ्या आहेत, आणि पुष्कळ लोक एकीच्या जागी दुसरी बदलून बसतात. मग "अनसपोर्टेड क्लास फाईल मेजर व्हर्जन ६५" असा संदेश येतो. ६५ म्हणजे जावा २१, आणि ६१ म्हणजे जावा १७. जावा २१ वर चालण्यासाठी ग्रेडल किमान ८.५ लागते, जुन्या प्रकल्पातले रॅपर (ठरलेली ग्रेडल उतरवून चालवणारी स्क्रिप्ट) त्याहून मागचे असेल, तर एडिटर प्रकल्प आयातच करू शकत नाही, आणि टर्मिनलमध्ये जावा १७ असल्यामुळे तिथे सगळे सुरळीत चालते.

दुसरा परिणाम मेमरीवर होतो. ग्रेडलचा डीमन (मागे चालू राहणारा प्रोग्राम) पुन्हा वापरता यायचा, तर जावाची आवृत्ती आणि पर्याय जुळावे लागतात. एडिटरचा जेडीके वेगळा आणि टर्मिनलचा वेगळा असेल, तर एकाच प्रकल्पासाठी दोन डीमन उभे राहतात, आणि काम नसले तरी प्रत्येक जण तीन तास मेमरी धरून बसतो. ८ जीबीच्या लॅपटॉपवर हे फार महाग पडते. 'स्टेटस' आणि 'स्टॉप' हे ग्रेडलचे दोन पर्याय माहीत असले, तर किमान कोण चालू आहे ते कळते.

एका मुद्द्यावर मात्र मी असहमत आहे. आपण एडिटरला दहा एक्स्टेन्शन जोडून त्याचा आयडीई (एडिटर, बिल्ड, डीबगर सगळे एकत्र असलेले साधन) करण्याचा प्रयत्न करतो, त्यात अर्धा त्रास आपणच ओढवून घेतो. ज्या साधनाने बिल्डची साधने आतूनच समजून घेतलेली आहेत, असे पूर्ण साधन जावासाठी वापरणे अधिक शहाणपणाचे नाही का?

---

गिरणाकाठ (जळगाव)

भाऊ, जावा आणि अँड्रॉइडसाठी आपले म्हणणे मला मान्य आहे. पण एम्बेडेडमध्ये, म्हणजे यंत्रांच्या चिपसाठीच्या कामात, चिप बनवणारी प्रत्येक कंपनी स्वतःचा आयडीई देते, आणि त्यात प्रकल्पाची माहिती त्या आयडीईच्या फाईलींमध्ये अडकून बसते. चिप बदलली की आयडीई बदलतो, आणि सर्व्हरवर आपोआप बिल्ड करायचे म्हटले की तोच आयडीई पडद्याविना कसा चालवायचा, हा नवा प्रश्न उभा राहतो. बिल्ड एडिटरच्या बाहेर, स्वतंत्र आणि पूर्ण असावी, हा माझा आग्रह त्यातूनच आलेला आहे. तसे असेल, तर आपण अँड्रॉइड स्टुडिओ वापरला काय आणि मी व्हीएस कोड वापरला काय, दोघांनाही उत्तर एकच मिळेल. जेडीकेच्या बाबतीत ग्रेडलमध्ये 'टूलचेन' ही सोय आहे, तिथे भाषेची आवृत्ती प्रकल्पातच लिहिता येते, त्यामुळे कंपाइल करणारा जेडीके तरी दोन्हीकडे सारखा राहतो.

---

पांझराकाठ (धुळे)

मी विद्यार्थी आहे. माझी अडचण वेबच्या प्रकल्पाची आहे, ती इथे विचारलेली चालेल ना, सर? टाइपस्क्रिप्ट भाषेतला कोड ईएसबिल्ड या साधनाने 'वॉच' मोडमध्ये, म्हणजे फाईल बदलली की आपोआप, बिल्ड होतो. व्हीएस कोडमध्ये एफ५ दाबल्यावर आधी बिल्ड आणि मग डीबगर (चुका शोधायला प्रोग्राम थांबवत चालवणारे साधन) सुरू व्हावा, म्हणून 'प्रीलाँच टास्क', म्हणजे आधी चालवायचे काम, लिहिले आहे. बिल्ड होते, पण डीबगर सुरूच होत नाही, आणि थोड्या वेळाने हे टास्क ट्रॅक करता येत नाही, अशा अर्थाची खिडकी येते. टर्मिनलमध्ये तीच आज्ञा व्यवस्थित चालते.

---

अमळनेरकर

मी पुष्कळ वर्षे व्हिम हा एडिटर वापरत आलो आहे, आणि मूळ धाग्यातल्या एका गोष्टीला इतिहासाची जोड द्यावीशी वाटते.

बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक लिहिले ते १९७६ मध्ये. त्या वेळेपासून बिल्डचे साधन आणि एडिटर यांच्यातला करार एवढाच राहिला आहे, की साधनाने पडद्यावर मजकूर छापायचा आणि वाचणाऱ्याने त्यातून अर्थ काढायचा. तो मजकूर माणसासाठी लिहिलेला असतो. व्हिममधले 'क्विकफिक्स', ईमॅक्स या एडिटरमधला 'कंपाइल' मोड आणि व्हीएस कोडमधला 'प्रॉब्लेम मॅचर' ही तिन्ही त्याच मजकुरातून फाईलचे नाव, ओळ आणि चूक वेचून काढणारी यंत्रणा आहे. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल खुला केला, तेव्हा एडिटर आणि भाषा यांच्यात एक समान बोली तयार झाली. बिल्डसाठी तसाच प्रयत्न स्काला सेंटर आणि जेटब्रेन्स यांनी बिल्ड सर्व्हर प्रोटोकॉलच्या रूपाने केला, पण तो मुख्यतः स्काला ही भाषा आणि जेव्हीएम (जावा प्रोग्राम चालवणारी यंत्रणा) यांच्या परिसरातच रुजला. बाकी सगळे अजूनही छापील ओळी वाचत बसले आहेत.

यातली सर्वांत जुनी अडचण सबफोल्डरची. गिरणाकाठ यांच्याकडे मेकफाईल एकातून दुसरी हाक मारणारी असेल, तर त्यांना ती नक्की भेटली असेल.

---

गिरणाकाठ (जळगाव)

अमळनेरकर सर, आपण नेमक्या दुखण्यावर बोट ठेवले. हा भाग थोडा तपशिलात लिहितो, कारण यावर स्पष्ट लिहिलेले फार कमी सापडते.

आमची मुख्य मेकफाईल 'कोअर', 'ड्रायव्हर्स' आणि 'मोडेम' या तीन फोल्डरमध्ये शिरून तिथली मेकफाईल चालवते. 'ड्रायव्हर्स'मध्ये चूक झाली की कंपायलर छापतो : यूआर्ट डॉट सी, ओळ ११८, रकाना ९, एरर. त्याच्या दृष्टीने तो 'ड्रायव्हर्स'मध्येच उभा असल्यामुळे फोल्डरचे नाव छापण्याची त्याला गरज नसते. व्हीएस कोडचा मॅचर मात्र ही फाईल प्रकल्पाच्या मुळाशी शोधतो. यादीत चूक दिसते, तिच्यावर क्लिक केले की फाईल सापडत नाही, असे उत्तर मिळते. मेक प्रत्येक फोल्डरमध्ये शिरताना "एन्टरिंग डिरेक्टरी" अशी ओळ छापते. ईमॅक्स ती वाचतो, व्हिममध्येही 'एररफॉरमॅट'मध्ये त्यासाठी खास खुणा आहेत, पण व्हीएस कोडचा मॅचर त्या ओळीकडे लक्ष देत नाही. 'मेक -जे' लावून समांतर बिल्ड केले, तर तीन फोल्डरच्या ओळी एकमेकांत मिसळतात आणि ईमॅक्सचाही गोंधळ होतो. मेकच्या ४.० आवृत्तीपासून 'आउटपुट सिंक' हा पर्याय आहे, तो लावल्यावर प्रत्येक कामाचा मजकूर एकत्र छापला जातो.

व्हीएस कोडसाठी दोन उपाय आहेत. मॅचरमध्ये 'फाईल लोकेशन' या ठिकाणी 'सर्च' लिहिले की तो सबफोल्डरमध्ये फाईल शोधतो. हे सोपे आहे, पण 'इनिट डॉट सी' नावाची फाईल तिन्ही फोल्डरमध्ये असेल, तर भरवसा राहत नाही. दुसरा उपाय मेकफाईलमध्येच करायचा : कंपायलरला फाईलचे नाव पूर्ण पत्त्यासह द्यायचे, म्हणजे तो चूकही पूर्ण पत्त्यासह छापतो. मी दुसरा निवडला. त्याचा एक परिणाम ध्यानात ठेवावा लागतो : असर्टच्या (कोडमधल्या स्वतपासणीच्या) संदेशांमध्ये फाईलचे नाव मॅक्रोमधून येते, तिथेही आता पूर्ण पत्ता जातो, फर्मवेअरचा आकार वाढतो, आणि दोन अभियंत्यांच्या लॅपटॉपवर तयार झालेल्या बायनरी एकसारख्या राहत नाहीत. जीसीसीच्या ८ व्या आवृत्तीपासून 'मॅक्रो प्रीफिक्स मॅप' हा पर्याय आहे, त्याने तो पत्ता पुन्हा छाटता येतो. क्लिक केल्यावर फाईल उघडावी, एवढ्या साध्या अपेक्षेसाठी कंपायलरच्या पर्यायांपर्यंत जावे लागते, याचे मला खरोखर वाईट वाटते.

धुळ्याच्या मित्रा, तुझा प्रश्न इथे अगदी योग्य आहे. वॉच मोडमधले टास्क कधी संपतच नाही, त्यामुळे "बिल्ड झाले" हे एडिटरला त्याच्या मजकुरातूनच कळावे लागते. टास्कमध्ये 'इज बॅकग्राउंड' हे सत्य ठेव, आणि प्रॉब्लेम मॅचरमध्ये 'बॅकग्राउंड' या भागात 'बिगिन्स पॅटर्न' आणि 'एन्ड्स पॅटर्न' असे दोन नमुने लिही. ईएसबिल्ड वॉच मोडमध्ये बिल्ड सुरू होताना आणि संपताना जी ओळ छापते, तिच्याशी ते जुळले पाहिजेत. टाइपस्क्रिप्टच्या स्वतःच्या कंपायलरसाठी तयार 'टीएससी वॉच' मॅचर आहे, पण तो ईएसबिल्डच्या ओळींना लागू पडत नाही. आणखी एक पाहा : 'प्रीलाँच टास्क'मधले नाव टास्कच्या लेबलशी अक्षरशः जुळले पाहिजे.

---

सातपुडा (शिरपूर)

मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. लॅबमधले अनुभव थोडे निराळे आहेत, म्हणून लिहिते.

आमच्याकडे विंडोजची मशीन आहेत, आणि यूजरचे नाव बहुधा मुलाचे नाव आणि आडनाव मध्ये जागा सोडून लिहिलेले असते. एडिटरला त्याचे काहीच वाटत नाही, फोल्डर उघडते, फाईली दिसतात. पण जीएनयू मेक फाईलींच्या नावांची यादी रिकाम्या जागेवर तोडते, त्यामुळे एकाच पत्त्याचे दोन तुकडे होतात आणि "असे टार्गेट बनवण्याचा नियम नाही" असा संदेश येतो. काही मुले हौसेने फोल्डरचे नाव देवनागरीत 'प्रकल्प' असे देतात. मराठीत नाव द्यावे याचा मला आनंदच आहे, पण विंडोजवर अँड्रॉइडचे ग्रेडल प्लगइन अशा पत्त्यावर बिल्ड करायला नकार देते. ती तपासणी बंद करता येते, तरीही पुढची काही साधने अडतातच. शेवटी मी डी ड्राइव्हवर छोट्या रोमन अक्षरांतले, जागा नसलेले एक फोल्डर ठरवून दिले आहे.

दुसरा प्रश्न इंटरनेटचा आणि विजेचा. पहिल्यांदा प्रकल्प उघडला की ग्रेडलचे रॅपर संपूर्ण ग्रेडल उतरवते, आणि सगळ्या मशीनवर एकाच वेळी हे सुरू झाले की लॅबची जोडणी गुदमरते. मध्येच वीज गेली, तर अर्धवट झिप फाईल मागे राहते आणि नंतर प्रत्येक वेळी "झिप एन्ड हेडर नॉट फाउंड" अशी चूक येते. एडिटर ती चूक "प्रकल्प आयात करता आला नाही" एवढ्याच शब्दांत दाखवतो. खरे कारण लॉगमध्ये खोलवर असते. यूजरच्या ग्रेडल फोल्डरमधल्या रॅपरच्या 'डिस्ट्स'मधून ती अर्धवट आवृत्ती पुसली की पुढच्या वेळी ती नीट उतरते. आता मी झिप फाईल लॅबच्या सर्व्हरवर ठेवली आहे आणि रॅपरच्या 'डिस्ट्रिब्यूशन यूआरएल'मध्ये तोच पत्ता दिला आहे.

शिकवणारी म्हणून एक गोष्ट मनापासून सांगते. नवीन विद्यार्थ्याला लाल रेघ दिसली की तो स्वतःलाच दोष देतो. चूक त्याच्या कोडमध्ये नसून एडिटरच्या जोडणीत आहे, हे ओळखण्याचे साधन त्याच्याजवळ नसते. त्यामुळे मी पहिले सत्र एडिटरशिवाय घेते : फाईल लिहायची, टर्मिनलमध्ये कंपाइल करायची, चूक स्वतः वाचायची. एडिटर त्यानंतर.

---

भुसावळकर

ताई, डिस्ट्रिब्यूशन यूआरएलची युक्ती फार उपयोगाची आहे, ऑफिसमध्येही सांगतो. आपले पहिल्या सत्राविषयीचे म्हणणेही पटले. माझ्याकडे नव्याने आलेली मुले 'रन'च्या हिरव्या बाणापलीकडे काही पाहिलेली नसतात, आणि सर्व्हरवर बिल्ड अडली की कुठून सुरुवात करावी हे त्यांना सुचत नाही.

---

पांझराकाठ (धुळे)

सर, दोन्ही नमुने लिहिल्यावर डीबगर सुरू झाला, मनापासून आभार. माझा नमुना पूर्ण ओळीशी जुळत नव्हता, तो सुधारला. आता प्रश्न असा आहे की गटातले आम्ही चौघे तोच प्रकल्प गिटवरून (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनावरून) घेतो. व्हीएस कोडचे ते फोल्डर गिटमध्ये ठेवावे की नाही? दोघांकडे विंडोज आहे आणि दोघांकडे उबंटू.

---

गिरणाकाठ (जळगाव)

टास्क आणि लाँचच्या फाईली गिटमध्ये ठेवाव्यात, परंतु त्यांत कोणाच्याही मशीनचा पूर्ण पत्ता येता कामा नये. 'वर्कस्पेस फोल्डर' हे व्हेरिएबल वापरावे. प्रत्यक्ष आज्ञा टास्कमध्ये लिहू नये. ती पॅकेजच्या जेसन फाईलमध्ये स्क्रिप्ट म्हणून ठेवावी, आणि टास्कने फक्त त्या स्क्रिप्टला हाक मारावी, म्हणजे टर्मिनल, एडिटर आणि सर्व्हर तिघेही एकच आज्ञा चालवतील. विंडोजवाल्यांसाठी आणखी एक सूचना : टास्कमध्ये दोन आज्ञा दुहेरी अँपरसँडने जोडू नका, कारण विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये ते चालत नाही, ७ मध्ये चालते. पॅकेजच्या फाईलमधल्या एनपीएमच्या स्क्रिप्टमध्ये मात्र ते दोन्हीकडे चालते.

सी++ वाल्यांसाठी याच धर्तीची सोय सीमेकच्या ३.१९ आवृत्तीपासून 'प्रीसेट्स'च्या रूपाने आलेली आहे. कंपायलर, जनरेटर आणि पर्याय एका जेसन फाईलमध्ये प्रकल्पाबरोबरच राहतात, आणि टर्मिनलमधले सीमेक व व्हीएस कोडचे सीमेक एक्स्टेन्शन दोघेही तीच फाईल वाचतात. स्वतःच्या मशीनपुरते बदल 'यूजर प्रीसेट्स'च्या वेगळ्या फाईलमध्ये ठेवावेत आणि ती गिटमधून वगळावी. आमचा जुना मेकफाईलचा प्रकल्प मी आता हळूहळू तिकडे नेत आहे. 'ड्रायव्हर्स' फोल्डर झाले आहे, 'मोडेम'चे काम पावसाळ्यात हाती घेईन, आणि क्रॉस-कंपायलरच्या टूलचेन फाईलविषयी जे समजेल ते याच धाग्यावर लिहीन.